जुलैत हजारो लोक चालतात ती पन्हाळा-विशाळगड वाट दिवाळीत चालायची असेल तर काय काय ठरवावं लागतं?

दरवर्षी जुलै आला की पन्हाळगडावरून विशाळगडाच्या दिशेने हजारो पावलं निघतात. पाऊस, चिखल, भगवे झेंडे, घोषणा आणि वाडीवाडीत तयार ठेवलेलं गरम जेवण. इस्लामपूर, शिराळा, कराड, कोल्हापूर या पट्ट्यातल्या अनेकांचा आयुष्यातला पहिला मोठा ट्रेक हाच असतो.

पण ज्यांना गर्दी नको असते, ते वेगळा विचार करतात. पाऊस संपला, दिवाळीची सुट्टी लागली, आकाश स्वच्छ झालं की पाठीवर सॅक टाकून तीच वाट निवांत चालायची. विचार छान आहे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जुलैतला ट्रेक आयोजक आखतात, तुम्ही त्यांच्या मागे चालता. नोव्हेंबरमध्ये तुमच्या पुढे कोणी नसतं आणि मागेही कोणी नसतं. जेवण, पाणी, मुक्काम, वाट आणि काही बिघडलं तर बाहेर कसं पडायचं, हे सगळं तुम्हालाच आधी ठरवावं लागतं.

ते कसं ठरवायचं, हे या लेखात समजून घेऊ. उदाहरण पन्हाळा-विशाळगडाचं असलं तरी हिशेब सह्याद्रीतल्या कोणत्याही दोन-तीन दिवसांच्या वाटेला लागू पडतो.

इस्लामपूरहून जवळ चांदोली आहे, मग तिथे का नाही?

वाळवा तालुक्यातून निघणाऱ्याच्या मनात पहिलं नाव चांदोलीचं येतं. शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणेच्या काठाने गेलं की वारणावती आणि चांदोली धरण. मागे घनदाट जंगल, त्यात प्रचितगड, पाथरपुंज. नकाशावर पाहिलं तर लांबच्या पायी भटकंतीला यापेक्षा भारी जागा नाही.

अडचण अशी की ती भटकंतीची जागा नाहीच. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीणही इथे आणण्यात आली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. 'गावातला एक जण आतून नेतो' असं कोणी सांगितलं तरी कायदा बदलत नाही. पकडले गेलात तर तुमच्याबरोबर तो गावकरीही अडकतो.

कोयनेच्या बाजूला वासोटा आहे. तिथे पावसाळ्यानंतर परवानगी घेऊन, बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जाता येतं. पण तो एका दिवसाचा ट्रेक आहे. गडावर किंवा जंगलात मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतावं लागतं.

म्हणून सलग तीन दिवस पायी चालायचं असेल तर या भागातून सगळ्यात व्यवहार्य पर्याय उरतो तो पन्हाळा-विशाळगड. वाट वाड्यावस्त्यांतून जाते, ठिकठिकाणी माणसं भेटतात, आणि तरीही मधले टप्पे चांगलेच एकाकी आहेत.

वाट नेमकी कशी आहे?

सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले ती रात्र १२ जुलै १६६० ची, आषाढी पौर्णिमेची. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या मावळ्यांनी शत्रूला अडवून धरलं. तीच आज पावनखिंड म्हणून ओळखली जाते.

आजची वाट साधारण ६० किलोमीटरची आहे. कुठून वळता, कोणता गाडीरस्ता टाळता यावर पाच-सात किलोमीटर इकडेतिकडे होतात. पन्हाळा उतरून म्हाळुंगे, मग मसाई पठार, पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरेपाणी, पावनखिंड आणि शेवटी गजापूरच्या बाजूने विशाळगड. मध्ये जंगलाचे पट्टे, ओढे, भाताची खाचरं आणि धनगरवाडे.

एका गोष्टीने फसू नका. 'महाराज एका रात्रीत गेले, मग आपण दीड दिवसात जाऊ' हे वाक्य ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच. ती जिवावरची वेळ होती, सहल नव्हती. त्या वेगाला नमस्कार करावा, पण त्यावरून आपलं वेळापत्रक बनवू नये.

ऑक्टोबर, नोव्हेंबर की डिसेंबर?

या भागातून नैऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. पण कॅलेंडर बघून तो जात नाही. परतीचा पाऊस दुपारनंतर अचानक येतो, सोबत विजा घेऊन येतो. मसाई पठारासारख्या उघड्या जागी तेव्हा तुम्हीच सगळ्यात उंच असता.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा: हिरवळ असते, फुलं असतात, ओढे भरलेले असतात. पण गवत कमरेपर्यंत, पायवाटा झाकलेल्या आणि दुपारनंतर विजांचा धोका. ऑक्टोबर हीटही असतेच.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरअखेर: हा सगळ्यात चांगला काळ. पाऊस बहुधा थांबलेला, रात्री गार, ओढ्यांना पाणी अजून टिकून. गवत वाळायला लागतं आणि वाट हळूहळू उघडी पडते.

डिसेंबर: चालायला हवा उत्तम. पण पठारावरची पावसाळी तळी आणि लहान ओढे आटत जातात. पाणी जास्त वाहून न्यावं लागतं.

यात एक स्थानिक बाबही आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे शाहूवाडी-पन्हाळ्याच्या डोंगरी भागात भातकापणी आणि मळणीचे दिवस. जुलैत वाटाड्या म्हणून सहज मिळणारा माणूस तेव्हा शेतात असतो. वाळव्याकडे ऊसतोड सुरू झालेली असते. पेठ नाक्यापासून कोल्हापूरपर्यंत रात्री उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर असतात. परतीचा प्रवास रात्री ठेवलात तर वेळ वाढवून धरा.

दोन दिवस की तीन दिवस?

जुलैतले बहुतेक ट्रेक दोन दिवसांचे असतात. मग नोव्हेंबरमध्ये तसंच का करू नये? उत्तर सूर्यात आहे.

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला. सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. आजही जगभर वेळेचा अंदाज याच नियमावरून काढायला सुरुवात होते. पण त्यात पाठीवरची दहा किलोची सॅक, उंच गवत, चुकलेली वाट आणि ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा मित्र धरलेला नाही. म्हणून सह्याद्रीत सॅक घेऊन चालताना चढउतार धरून तासाला ३ किलोमीटर हा आकडा सोयीचा.

आता हिशेब करू. ६० किलोमीटर भागिले ३ म्हणजे २० तास चालणं. दोन दिवसांत करायचं तर रोज १० तास. त्यात जेवण आणि विश्रांतीचे किमान दोन तास धरले की झाले १२ तास.

जुलैच्या मध्यात कोल्हापूर परिसरात दिवस सुमारे १३ तासांचा असतो. १२ तास त्यात बसतात. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य साडेसहानंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा. म्हणजे जुलैत उजेडात बसणारा दोन दिवसांचा बेत नोव्हेंबरमध्ये उजेडात बसत नाही. रोजचा शेवटचा टप्पा अंधारात, दमलेल्या पायांनी आणि रिकाम्या वाटेवर पडतो.

तीन दिवस केले तर रोजचं चालणं ६ तास ४० मिनिटांवर येतं. विश्रांती धरून पावणेनऊ तास. सकाळी सातला निघालात तर दुपारी चारच्या आत मुक्कामावर. हाताशी दोन तासांचा उजेड शिल्लक राहतो, आणि वाट चुकली तर ती शोधायला हेच दोन तास उपयोगी पडतात.

साधारण विभागणी अशी करता येईल. पहिला मुक्काम खोतवाडी-मांडलाईवाडीच्या आसपास, दुसरा माळेवाडी-पाटेवाडीच्या आसपास आणि तिसऱ्या दिवशी पांढरेपाणी, पावनखिंड, विशाळगड. टप्पे अगदी सारखे पडणार नाहीत. पहिला दिवस थोडा लहान ठेवला तर बरंच, कारण खांद्यांना सॅकची सवय त्याच दिवशी होते.

सगळ्यात आधी काय ठरवायचं? बाहेर कुठून पडायचं ते

बहुतेक जण बेत आखताना 'कुठे पोहोचायचं' यापासून सुरुवात करतात. लांबच्या वाटेवर उलटी सुरुवात करावी. प्रत्येक टप्प्यावरून डांबरी रस्ता, गाडी आणि दवाखाना कुठल्या बाजूला आहे, हे आधी लिहून काढा. विशाळगड त्यानंतर.

समजा दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला एकाचा पाय मुरगळला. जुलैत मागून दुसरा ग्रुप येतो, त्यांच्यात कोणी डॉक्टर असतो, गाडी असते. नोव्हेंबरमध्ये तुम्ही चौघे आहात आणि मोबाइलला रेंज नाही. मागे फिरायचं, पुढे जायचं की खाली उतरायचं? हा निर्णय घाबरलेल्या डोक्याने घ्यायचा नसतो. तो घरच्या टेबलावर, नकाशा पसरून आधीच घेतलेला असला पाहिजे.

या वाटेची रचना त्यासाठी सोयीची आहे. वाट साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. तिच्या उत्तरेला कोल्हापूर-रत्नागिरी महामार्ग आहे, ज्यावर बांबवडे आणि मलकापूर ही मोठी गावं लागतात. दक्षिणेला कासारी नदीचं खोरं आणि बाजारभोगावहून अणुस्कुऱ्याकडे जाणारा रस्ता आहे. म्हणजे तुम्ही दोन रस्त्यांच्या मधल्या डोंगरातून चालत असता. पांढरेपाणीला तर वाट थेट डांबरी रस्त्यालाच भेटते.

म्हणून कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात टप्पा, दुसऱ्यात तिथून सगळ्यात जवळचं गाडी येणारं गाव, तिसऱ्यात तिथे उतरायला लागणारा वेळ. याशिवाय रोजची एक वेळ ठरवा. उदाहरणार्थ, 'दुपारी एकपर्यंत निम्मं अंतर झालं नाही तर पुढे न जाता जवळच्या वाडीत थांबायचं किंवा रस्त्याला उतरायचं.' ही वेळ सगळ्यांसमोर, निघण्याआधी ठरलेली असावी. नाहीतर वाटेत 'अजून थोडंच राहिलंय' हे वाक्य जिंकतं.

नकाशासाठी फक्त फोनवर अवलंबून राहू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. त्यात कागदावरचा दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. लागणारा भाग छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि कोणीतरी आधी चाललेला जीपीएस ट्रॅक असावाच, पण पॉवर बँक संपली तरी कागद संपत नाही. जुलैत दगडांवर दिसणाऱ्या खुणा, बाणांच्या पाट्या नोव्हेंबरमध्ये गवतात गेलेल्या असू शकतात.

पाणी किती न्यायचं?

चालण्याच्या दिवशी माणशी साधारण ४ लिटर पाणी प्यायला लागतं, ऑक्टोबर हीटमध्ये त्याहून जास्त. एक लिटर म्हणजे एक किलो. सगळंच वाहून नेणं शक्य नाही आणि गरजही नाही. निघताना माणशी ३ लिटर घ्या आणि प्रत्येक वाडीत बाटल्या पुन्हा भरा. मसाई पठारावर मात्र सावली जवळजवळ नाही. त्याआधीच्या वस्तीत बाटल्या काठोकाठ भरल्याशिवाय पठारावर चढू नका.

वाडीतल्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी मागून घ्या. ओढ्याचं प्यायची वेळ आली तर ते उकळा. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसंच ठेवा. किंवा औषध दुकानात मिळणारे क्लोरीनचे थेंब वा गोळ्या वापरा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. भातखाचरातून वाहत आलेलं पाणी मात्र टाळा. त्यात खतं आणि फवारणीची औषधं उतरलेली असू शकतात, ती उकळून जात नाहीत. पायाला जखम असेल तर अशा साचलेल्या पाण्यातून चालणंही टाळा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात.

राहायचं कुठे, खायचं काय?

अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे आणि तिच्यावर अडीचशेहून जास्त निवारे बांधलेले आहेत. आपल्याकडे असे निवारे नाहीत. आपल्याकडे देऊळ असतं, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा असतो आणि कोणाच्या तरी घराची पडवी असते. या जागा माणसांच्या ताब्यात असतात. त्यामुळे सह्याद्रीत मुक्काम ठरवायचा म्हणजे माणसांशी बोलून ठेवायचं.

आठवडाभर आधी ग्रामपंचायतीत, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना फोन करून सांगा. किती जण, कोणत्या दिवशी, किती वाजता. शाळेत उतरायचं असेल तर परवानगी घ्या. दिवाळीत शाळा बंद असते आणि चावी कोणाकडे आहे हे ऐनवेळी शोधत बसायला लागू नये. घरी जेवण मिळेल का हेही विचारा, मात्र गृहीत धरू नका. मळणीच्या दिवसांत दमून आलेल्या बाईला रात्री आठला चार पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायला लावणं बरं नव्हे. जेवण ठरलं तर किती पैसे द्यायचे ते आधी विचारा आणि निघताना न मागता द्या.

एक पूर्ण दिवसाचं जास्तीचं खाणं सॅकमध्ये असावंच. त्यासाठी महागडी पाकिटं लागत नाहीत. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, भडंग. दुधात मळलेली दशमी दोन दिवस सहज टिकते. दिवाळीचा चिवडा आणि शंकरपाळी तर जणू याच कामासाठी केलेली असतात.

सॅकमध्ये काय आणि किती?

सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा कमी असावं. ५५ किलोच्या माणसाला ११ किलो ही वरची मर्यादा. त्यात ३ किलो पाणी आणि जवळपास २ किलो खाणं गेलं की बाकी सगळ्याला ६ किलो उरतात. म्हणून प्रत्येक वस्तू 'हिच्याशिवाय अडेल का?' असं विचारून घ्या.

अडेल अशा वस्तू या: आधी किमान महिनाभर वापरलेले, चांगली पकड असलेले बूट. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट. तीन जोड मोजे. पातळ स्लीपिंग बॅग किंवा चादर आणि खाली अंथरायला मॅट. एक गरम कपडा, कारण ऊन कितीही असलं तरी नोव्हेंबरच्या पहाटे डोंगरात गारठा असतो. माणशी एक टॉर्च, मोबाइलचा नव्हे. शिट्टी. ओआरएस, बँडेज, क्रेप बँडेज, स्वतःची रोजची औषधं. ऑक्टोबरमध्ये जात असाल तर हलका रेनकोट.

नवे बूट घालून ट्रेकला निघणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात सहज टाळता येणारी चूक आहे. पहिल्या दिवशी आलेला फोड तिसऱ्या दिवशी ट्रेक संपवतो.

पावसाळ्यात नसलेले धोके कोणते?

गवत: पावसाळ्यानंतरच्या गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप होऊ शकतो. तो चावल्यानंतर सहसा आठवडा-दीड आठवड्याने येतो, तोवर ट्रेक विसरलेला असतो. ताप आला तर डॉक्टरांना 'गवतातून चाललो होतो' हे आवर्जून सांगा. अंगावर काळी खपली दिसली तर तीही दाखवा. वेळेत निदान झालं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो. अंगावर घेतला तर जिवावर बेततो.

आग्यामोहोळ: कडे, मोठी झाडं, गडाच्या कमानी इथे पोळी असतात. धूर, अत्तर, डिओ आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्या तर चेहरा झाकून लांब पळा, जागीच झटापट करू नका.

साप: घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप या भागात आढळतात. दगड उचलताना, लाकडं गोळा करताना आणि रात्री बाहेर जाताना टॉर्च हवाच. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. तो अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर रुग्णालयात न्या. यासाठीच तीन रकान्यांचा तो कागद.

गवा आणि अस्वल: शाहूवाडीच्या जंगलपट्ट्यात दोन्ही आहेत. एकटा फिरणारा गवा दिसला तर थांबा, मागे सरा, त्याला वाट द्या. सेल्फीसाठी पुढे जाऊ नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलातला टप्पा ठेवू नका. गटाने, बोलत चाला.

वीज: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पठार लगेच सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुढे निघा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची आगाऊ सूचना देतं, पण त्याला रेंज लागते.

परवानगी लागते का?

वाडीवस्तीतून जाणाऱ्या या वाटेला व्याघ्र प्रकल्पासारखा प्रवेश परवाना लागत नाही. मात्र पन्हाळगड आणि विशाळगड या दोन्ही परिसरांतल्या वनक्षेत्राला 'संवर्धन राखीव' दर्जा मिळालेला आहे. जंगलात तंबू ठोकायचा असेल तर आधी वनविभागाशी बोला. शेकोटी अजिबात पेटवू नका. नोव्हेंबरनंतर वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. पन्हाळा तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे.

विशाळगडावरच्या प्रवेशाचे नियम आणि वेळा २०२४ नंतर वेळोवेळी बदलत आल्या आहेत. निघण्याच्या आठवड्यात शाहूवाडी तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करा. गडावर जाता येणार नसेल तर पावनखिंडीत ट्रेक संपवायचा हा पर्याय आधीच ठरवून ठेवा.

जायचं कसं, यायचं कसं?

इस्लामपूरहून एसटीने कोल्हापूर आणि तिथून पन्हाळा. पहिल्या दिवशी सकाळी सातला चालायला सुरुवात करायची असेल तर आदल्या संध्याकाळीच पन्हाळ्यावर मुक्कामाला जा. परतताना विशाळगडावरून थेट गाड्या मोजक्या असतात, त्यामुळे शेवटच्या गाडीची वेळ मलकापूर आगारातून विचारून ठेवा. मलकापूरला पोहोचलात की इस्लामपूरसाठी पुन्हा कोल्हापूरला वळसा घालायची गरज नाही. कोकरूड, शिराळामार्गे घर जवळ पडतं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामुळे बसच्या पाटीवर दोन्हींपैकी कोणतंही नाव दिसलं तरी गोंधळू नका.

घरी काय सांगून निघायचं?

'ट्रेकला चाललोय, रविवारी येतो' एवढं पुरत नाही. घरच्या एका माणसाकडे एक कागद द्या. त्यावर सगळ्यांची नावं, घरचे फोन, रक्तगट, रोजचा मुक्काम, तिथल्या एका माणसाचा नंबर आणि तो तीन रकान्यांचा तक्ता. शिवाय एक ओळ ठळक लिहा: 'रविवारी रात्री नऊपर्यंत आमचा फोन आला नाही तर आधी मुक्कामाच्या गावात फोन करा, तिथे पत्ता लागला नाही तर ११२ वर कळवा.'

ही ओळ का महत्त्वाची? रेंज नसताना मदत मागायला तुमच्याकडे फोन नसतो. तुम्ही हरवलात हे तेव्हाच कळतं जेव्हा कोणीतरी तुमची वाट बघत असतं आणि कधीपर्यंत बघायची हे त्याला ठाऊक असतं. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागासाठी १९२६. डोंगरातल्या बचावासाठी राज्यातले गिर्यारोहक मिळून महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर चालवतात, त्यांचा हेल्पलाइन नंबर निघण्याआधी शोधून फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे लिहा.

मग तयारी कधीपासून सुरू करायची?

सहा आठवडे आधी: सोबती ठरवा. किमान चौघे असावेत. एकाला लागलं तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदत आणायला जातात. आठवड्यातून तीन दिवस चालायला सुरुवात करा.

चार आठवडे आधी: बूट घ्या आणि रोज वापरा. नकाशा छापून टप्पे आणि उतरायच्या जागा लिहून काढा.

दोन आठवडे आधी: भरलेली सॅक घेऊन एक पूर्ण दिवस चाला. मल्लिकार्जुनाचा डोंगर असो की मच्छिंद्रगड, जवळचा कोणताही चढ चालेल. काय जास्त झालं आणि काय विसरलं ते इथेच कळतं.

एक आठवडा आधी: मुक्कामाच्या गावांत फोन, विशाळगडाच्या प्रवेशाची चौकशी, एसटीच्या वेळा.

दोन दिवस आधी: हवामान खात्याचा अंदाज बघा. विजांसह पावसाचा इशारा असेल तर तारीख पुढे ढकला. सुट्टी वाया जाईल, तिकिटं वाया जातील, ग्रुपवर दोघे रुसतील. तरीही ढकला.

गेली साडेतीनशे वर्षं पावनखिंड तिथेच आहे, पुढच्या आठवड्यातही असेल. आपल्या बेतात बदलण्यासारखी गोष्ट तारीख आहे. ती बदलायची तयारी ज्या ग्रुपची आहे, त्यांनी नोव्हेंबरमध्ये या वाटेला जरूर जावं. पाऊस नाही, गर्दी नाही, आणि खिंडीत पोहोचल्यावर जुलैच्या गोंगाटात ऐकू न येणारी शांतता मिळते.